कटिंगच्या काचेतून पाहिलेलं ग्रहण

मी सूर्यग्रहण एका डोळ्यानं पाहिलं, आणि पाहताना मला ती फार मोठी हुशारी वाटत होती.

पाकिस्तानशी लढाई थांबून दोनेक महिने झाले होते. हिंदी मुलखातल्या रांझीत, आमच्या क्वार्टरमध्ये मात्र ती अजून चालूच होती. बाबा लष्करी सामानाच्या कारखान्यात गॅस कटिंगवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापायच्या कामावर होते, बारा-बारा तासांची पाळी करून घरी येत. ब्लॅकआउटच्या दिवसांत आईनं मधल्या खोलीच्या खिडकीला खळीनं काळा कागद चिकटवला होता, तो तसाच होता. "पुन्हा भोंगा वाजला तं? पुन्हा खळ कोण शिजवीन?" असं तिचं म्हणणं.

मी एकोणीस वर्षांचा. कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्याच वर्षाला दोनदा बसलेला, तरी घरातला शास्त्रज्ञ मीच. त्यात कारखान्याच्या, तयार माल तपासणाऱ्या विभागात भरती निघाली आणि लेखी परीक्षेत मी पास झालो. कसा, ते मलाही कळलं नाही. आता फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती, ग्रहणानंतर चौथ्या दिवशी. डोळे चांगले असले की नोकरी पक्की. आईनं ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेला नारळ कबूल करून ठेवला होता.

ग्रहण सकाळचं होतं. आईनं पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्रं टाकली, चूल बंद ठेवली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या ताईला मधल्या खोलीत कोंडलं. काही चिरायचं नाही, कापायचं नाही, आडवं व्हायचं नाही.

"आई, ही नुसती चंद्राची सावली आहे," मी समजावलं.

"सावली तं सावली. तू काहून उड्या मारून राहिला? तुझी डॉक्टरी आहे, घरात बस."

"मी काय उघड्या डोळ्यानं पाहून राहिलो का? वेल्डिंगची काच आहे माझ्याजवळ. सायन्स आहे हे."

ती काच बाबांच्या कामावरच्या जुन्या चष्म्याची. कारखान्यातून वाकडा खिळासुद्धा घरी न आणणारा हा माणूस. चष्म्याची एक बाजू तडकली, तो रद्द झाला, तरी तो बाहेर काढायला त्यांनी गेटवर रीतसर सहीशिक्क्याचा पास घेतला होता. पासही चष्म्यासोबत ट्रंकेत जपून ठेवलेला. बाबा रात्रपाळीला गेलेले, म्हणून विचारायचा प्रश्न नव्हता. मी धड असलेली हिरवी काच काढली, उजव्या डोळ्याला लावली, डावा गच्च मिटला आणि अंगणात उभा राहिलो.

सूर्याचा तुकडा कुणीतरी दातांनी तोडल्यासारखा दिसत होता. मी हरखून गेलो. जरा झगझगत होतं, पण शास्त्रज्ञांना एवढं सोसावंच लागतं. शेजारचे रेल्वेवाले कुंपणापाशी येऊन म्हणाले, "भैया, जरा हमको भी दिखाओ."

"रुकिए, पहले स्टडी करने दीजिए," मी म्हणालो, आणि काच दिली नाही. माझ्या त्या चिक्कूपणानं आमच्या अख्ख्या ओळीचे डोळे वाचले. आयुष्यात मी केलेलं समाजकार्य एवढंच.

तेवढ्यात फाटकाशी सायकल आदळल्याचा आवाज झाला. बाबा सायकल तशीच टाकून धावत येत होते. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की काच उडून दगडावर फुटली.

"गधड्या! ही कटिंगची काच आहे! ज्योत पाहायची, ज्योत! सूर्य पाहायला बिजलीच्या वेल्डिंगची लागते, काळी कुट्ट, तिच्यातून दिवाही दिसत नाही. कवापासून पाहून राहिला?"

"अर्धा तास," मी म्हणालो. बाबांचा चेहरा पाहून मी थिजलो. ते मारतील असं वाटलं होतं. ते मटकन ओट्यावर बसले.

मी घरात पळालो. मधल्या खोलीतून ताई हळूच म्हणाली, "अरे, इकडे ये. भिंतीवर पाह्य काय आहे!"

काळ्या कागदाला टाचणीएवढं एक भोक पडलं होतं. त्यातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता, आणि तो गोल नव्हता. चांगली विळ्याच्या आकाराची कोर होती. ग्रहणच ते, उलटं पडलेलं. जिला ग्रहणापासून लपवलं होतं ती खिडकीकडे पाठ करून, पाटावर बसून, कुठल्याही काचेशिवाय ते आरामात पाहत होती.

"सुंदर आहे नं?" ती म्हणाली.

मी उजवा डोळा झाकला. कोर दिसली. मग डावा झाकला. भिंत दिसली, खुंटी दिसली, खुंटीवरची पिशवी दिसली. जिथे कोर असायला हवी तिथे मळकट ठिगळ होतं. मी नजर सरकवली तर ठिगळही सरकलं. ताईला म्हणालो, "हो, सुंदर आहे," आणि तिथेच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशीही ठिगळ होतं, आणि मला घरात सांगावंच लागलं. तिसऱ्या दिवशीही. आई देवापाशी बसलेली, माझ्याशी बोलत नव्हती. आणि त्या संध्याकाळी बाबांनी मला कपाटाच्या मागे नेलं. तिथल्या फळीवर त्यांनी पत्र्यावर खुणा करायच्या खडूनं इंग्रजी अक्षरांच्या ओळी लिहिल्या होत्या, काही अक्षरं पाठमोरी. गुडघा दुखतो म्हणून ते दिवसा कारखान्याच्या दवाखान्यात गेले होते आणि डोळ्यांच्या तक्त्यासमोरच्या बाकावर तासभर बसून आले होते.

"पाठ कर," ते म्हणाले.

मला ग्रहणाचाही एवढा धक्का बसला नव्हता. मोडक्या चष्म्याला पास घेणारा माणूस! मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी फळीकडे.

"चार लाइनी आहेत. वरून पहिली. चल."

पहिल्या वर्षाला दोनदा बसलेल्या मुलानं चार ओळी झोपायच्या आत पाठ केल्या. तोंडानं म्हटल्या, उलट्या म्हटल्या, मधूनच विचारल्या तरी म्हटल्या. अभ्यासाची एवढी गोडी मला आधी लागली असती तर डॉक्टरीची वेळच आली नसती.

डॉक्टरीच्या दिवशी बाबा पाळी संपवून थेट दवाखान्यात आले, दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी माझा डावा डोळा पुठ्ठ्यानं झाकला. "पढ़ो."

तक्त्याच्या मधोमध ते ठिगळ जाऊन बसलं. मी पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीला जरा अडखळल्यासारखं केलं, म्हणजे खरं वाटेल. चौथीही म्हटली.

"बहुत बढ़िया," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

"साहब," दारातून आवाज आला. "इसको मैंने रटवाया है."

डॉक्टरांचं पेन हवेत. मला वाटलं, मी ऐकलं ते बाबा बोललेच नाहीत.

"क्या?"

"दाहिनी आँख से नहीं दिखता इसको. ग्रहण देख लिया. अक्षर मैंने याद कराए, साहब. लड़के की गलती नहीं है."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि एवढंच म्हणाले, "जाइए, बाबूजी."

बाहेर येऊन मी सायकलचं हँडल धरलं. बाबांनी ते काढून घेतलं. "मागं बस."

"मी चालवतो नं. तुमची पाळी झाली आहे रात्रीची."

"उजव्या बाजूनं ट्रक आला तं दिसन का तुले?"

मी कॅरिअरवर बसलो. रागानं माझं तोंड कडू झालं होतं. निम्मा रस्ता गेल्यावर राहवलं नाही. "तुम्हीच शिकवलं, अन् तुम्हीच सांगितलं! काहून?"

ते पायडल मारत राहिले. त्यांना दम लागला होता.

"मी रात्रभर कापतो," ते म्हणाले, "मग खाली तपासणीत कुणीतरी गेज लावून माप पाहते. तो पाहते म्हणून मी घरी येऊन झोपतो. उद्या तो तू राहिला असता. मले झोप लागली असती का?"

पुढे चढ होता. मी उतरायला लागलो तर ते ओरडले, "बसून राह्य!" आणि सीटवरून उठून, उभ्यानं पायडल मारू लागले.