काकांची थाळी सरळ रेषेत बसणार न्हाई

मंडळी, आज दुपारी एका जाणकार माणसानं मला सांगितलं की आमचा ताल चुकतो.

आमचा तांडा डोंगरकड्याजवळ. होळीला आमच्यात लेंगी गात नाचतात, तेव्हा माझे काका काशाची थाळी वाजवतात. मी घरीच गाणी रेकॉर्ड करायला शिकून राहिले. सॉफ्टवेअरमधल्या तयार आवाजांत तबला सापडला, परदेशी घंटा सापडल्या, आमची थाळी न्हाई. म्हणून आज काकांनाच माईकपुढं बसवलं. थाळीचे ठोके कापून कंप्युटरला जोडलेल्या मिडी कीबोर्डच्या पट्ट्यांवर लावले आणि एका लेंगीला काकांसारखेच बोटांनी वाजवले.

हिंगोलीत स्टुडिओ चालवणाऱ्या ओळखीच्या दादांना पाठवलं. त्यांचा फोन आला, "अगं, ठोके मागंपुढं पडून राहिले. क्वांटाइझचं बटण दाब, सगळे बराबर रेषेत येतील."

दाबलं. आवाज काकांच्याच थाळीचा, पण लेंगी गायब. बाया गिरकी घेतात तो ठोका काका मुद्दाम जरा उशिरा मारतात. कंप्युटरनं नेमका तोच ओढून पुढं आणला होता.

मी गाणं थांबवलं.

"काहून बंद केलं?" काकांनी विचारलं.

"हे तुमचं न्हाई, काका."

"मग माझं लाव."

पहिल्यासारखं केलं आणि दादांना फोन करून कळवलं, गाणं लोकांपुढं असंच जाईल.

"लोक म्हणतील, पोरीला ताल कळत न्हाई."

"म्हणू द्या. होळीला तांड्यावर या म्हणावं, नाचून दाखवा."

तुमच्या गावचा कोणता ताल कंप्युटरला चूक वाटंल? रेकॉर्ड करून पाठवा. सरळ करायचा न्हाई.