चाचांच्या दोन रेघा

चेक नावाच्या कागदावर आमच्या शेजारच्या चाचांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं तो कागद शोधून काढणाऱ्या साहेबानंही केलं नसेल. गल्लीत कुणी आजारी पडलं की बाकीचे लोक ताप किती, काढा दिला का, असं विचारायचे. चाचा उशाशी बसून विचारायचे, "सही बराबर येस ना?" सही बरोबर येत असेल तर माणसाला काही झालेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आता आमच्या गल्लीत सही येणारी माणसं मोजून चार, त्यातला एक मी, मराठी शाळेतला मास्तर. म्हणजे बाकीच्यांनी आजारीच पडायचं की काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्हनीसन तं लोके मरतस, मास्तर."

हे वेड त्यांनी मनिलाहून आणलं होतं. नंदुरबारचा माणूस त्या काळी सुरतेला जाऊन आला तरी आठ दिवस गल्लीला पुरेल एवढं बोलायचा. चाचा तरुणपणी कुणा सिंधी व्यापाऱ्याच्या बोलण्यावर विसंबून थेट बोटीत बसले आणि मनिलातल्या एका रेशमी कापडाच्या दुकानात अकरा वर्षं लिहिण्याचं काम करून परत आले. तिथं आधी स्पॅनिश लोकांचं राज्य होतं, मग अमेरिकन आले. त्यामुळे बँकेतले निम्मे शब्द इकडचे, निम्मे तिकडचे. चाचांना इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा उत्तम यायच्या, पण चेकपुरत्याच. पाणी द्या, भूक लागली, बरं आहे का, यातलं एक अक्षर त्यांना स्पॅनिशमध्ये सांगता यायचं नाही. पण चेक घेऊन येणारा तो 'पोर्तादोर', सही म्हणजे 'फिर्मा', पैसे वसूल करणं म्हणजे 'कोब्रार', उरलेली शिल्लक ती 'साल्दो', हे त्यांनी दूधवाल्यापासून मौलवींपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं हे सांगताना तर त्यांची कळी अशी खुलायची! "पगार, पगार! अरे, तुम्ही रोज इस्पानी बोलतस अन तुमलेच मालूम नही," असं म्हणून ते कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांना चकित करायचे. मजूर बिचारे हसायचे आणि पगार वेळेवर मिळायला इस्पानीत काय म्हणायचं ते विचारायचे.

एकदा माणूस अशा कागदाच्या नादी लागला की तो बाकीच्या जगालाही चेकच समजायला लागतो. वाण्याकडे चिठ्ठी पाठवली तर चाचा 'साखर शेर एक फक्त' असं लिहायचे आणि 'फक्त'च्या पुढे कागदाच्या कडेपर्यंत रेघ मारायचे. का? तर मधे कुणी 'गूळ शेर दोन' घुसडू नये. रोज सकाळी नमाज झाली की पाटीवर एकदा सही करून ती पुसायची. सही गंजते म्हणे. आणि मनिलाहून येताना एका बंद झालेल्या खात्याचं कोरं चेकबुक दुकानाच्या शेठजींनी त्यांना आठवण म्हणून दिलं होतं, त्यातून ते दर ईदेला एखाद्याला चेक फाडून द्यायचे. माझ्या लग्नात त्यांनी मला शंभर पेसोंचा चेक दिला. अक्षर असं की पाहत राहावं. आमच्या सौभाग्यवतीनं तो वर्षभर जपला आणि मग मला हळूच विचारलं, "याच्यात एक साडी व्हई का हो?" मी म्हटलं, मनिलाला गेलीस तरी होणार नाही, ते खातं मेलंय. तर तिनं तो चेक पुन्हा घडी घालून शेल्यात ठेवला आणि "कोन्ही इतलं तरी देस का?" म्हणून मलाच गप्प केलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो दोन रेघांत. चेकच्या डाव्या कोपऱ्यावर तिरप्या दोन रेघा ओढल्या की तो चेक चोराच्या हाती लागला तरी चोराला त्याचे पैसे मिळत नाहीत. इंग्रजीत क्रॉस्ड, स्पॅनिशमध्ये 'क्रुसादो'. चाचा लग्नाच्या पत्रिकांवरही या रेघा ओढायचे, लेकीच्या सासरी जाणाऱ्या कार्डावर ओढायचे. पोस्टमन म्हणायचा, चाचांचं पत्र पत्ता न वाचताही ओळखू येतं. एकदाच, गप्पांच्या ओघात, ते मला म्हणाले, "हजारो चेक लिखात मी, मास्तर. याले दे, त्याले दे. मन्हा नावना एक बी नही. मन्हा पगार रोख भेटे." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. माणसाच्या बोलण्यात काय असतं ते ऐकताना कुठं कळतं?

मग सेवंताबाईचा चेक आला. ही आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची. मूळची म्हसावदकडच्या शेतकरी घरातली. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, तो तिथंच यंत्रात सापडून गेला. मालक मुंबईचे. आठ महिने मी तिच्या वतीनं भरपाईसाठी अर्ज लिहिले, तेव्हा कुठं रजिस्टर पोस्टानं तिच्या नावाचा तीनशे रुपयांचा चेक आला. तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. दोन म्हशी घ्यायच्या, दूध घालायचं, इथंच राहायचं. शहाद्याच्या बाजारात म्हशी बघून बोलणीही झाली होती, मंगळवारी पैसे द्यायचे होते. नाहीतर म्हसावदला दिराच्या घरी जाऊन उरलेला जन्म त्याच्या भाकरी थापायच्या, आणि दीर कसा होता ते तिच्या मनगटावरच्या जुन्या डागावरून कळायचं. ती चेक घेऊन माझ्याकडे आली, आणि मीच शहाण्यानं तिला चाचांकडे नेलं. म्हटलं, त्यांना एक खराखुरा, जिवंत चेक बघायला मिळू दे.

चाचांनी हात धुतले, चष्मा पुसला, चेक उजेडाला धरला. आधी इंग्रजीत वाचला, मग स्पॅनिशमध्ये, मग डोळे मिटून नुसता हातात धरून बसले. आणि मी काही बोलायच्या आत दौतीत टाक बुडवून सर्रकन दोन रेघा ओढून मोकळे झाले! "ले पोरी," म्हणाले, "आते तुन्हा पैसाले कोन्ही हात लावाव नही."

खरंच कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या कारकुनानं चेक बघून मान हलवली. रेघा ओढलेल्या चेकचे पैसे रोख मिळत नाहीत, ते खात्यातच जमा होतात. बाईंचं खातं कुठं आहे? खातं! सेवंताबाईनं तोवर बँकेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. नवं खातं उघडून पैसे जमा व्हायला महिना लागेल, नाहीतर मुंबईहून दुसरा चेक मागवा, कारकून म्हणाला. पहिला यायला आठ महिने लागले होते, आणि मालकांचं मन फिरलं म्हणजे? मंगळवार आला आणि गेला, म्हशी दुसऱ्या कुणी नेल्या. गल्लीनं चाचांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. त्यात मीही होतो. भर रस्त्यात म्हणालो, "चाचा, तुमच्या हौसेपायी त्या बाईच्या म्हशी गेल्या." दोन दिवस त्यांच्या घरातून 'पोर्तादोर' ऐकू आलं नाही की 'साल्दो' नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, मनिलामा जो दुकानमा ये त्यानं खातं ऱ्हायेच. ज्याले खातं नही असा मानूस बी ऱ्हास, हाई मन्हा ध्यानमाच उनं नही." मला माझी लाज वाटली. तेव्हा ती मी बोलून दाखवली नाही, आता लिहितो आहे.

तोवर चेकचा वास म्हसावदपर्यंत पोचला होता. दीर आला, भावजयीच्या हातातून कागद ओढून घेतला आणि बँकेत गेला. तिथं तेच उत्तर: पैसे बाईच्याच खात्यात. मग धुळ्याला गेला, तिथंही तेच. चार दिवसांनी घामाघूम होऊन परत आला, "कागद खोटा शे!" म्हणून चेक तिच्या उंबऱ्यात भिरकावला आणि निघून गेला. झालं! कालपर्यंत चाचांना येडा म्हणणारी गल्ली आज त्यांना सलाम करायला लागली. रेघा नसत्या तर दिरानं बाईला हाताला धरून बँकेत नेलं असतं आणि तीनशे रुपये धोतराच्या सोग्यात बांधले असते, हे सगळ्यांना एकदम कळलं. चाचांनी मात्र ती वाहवा घेतली नाही. "चूक ती चूकच," म्हणाले. "कामले उनी इतलंच."

आता खातं उघडायचं, तर नवाच पेच. कारकून म्हणाला, अंगठ्यावर खातं उघडेल, पण चेकबुक मिळणार नाही. प्रत्येक वेळी बाईंनी येऊन समोर अंगठा उठवायचा. हे ऐकून चाचा ताठ झाले. "अंगठा नको," म्हणाले. "अंगठा कोन्ही बी धरीसन दाबी लेस. सहीले जबरदस्ती करता येत नही. हात थरथरना का सही बदलनी, बदलनी का बँक पैसा देत नही." दिरानं नवऱ्याच्या मागे दोन कागदांवर तिचा अंगठा तसाच धरून उठवला होता, हे गल्लीला ठाऊक होतं. चेकची मुदत सहा महिने, त्यातले दोन असेच गेलेले. चाचांनी आपली पाटी बाहेर काढली.

पुढचे साडेतीन महिने आमच्या गल्लीनं जी शाळा पाहिली तशी मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. चाचा आपल्या ओट्यावर, सेवंताबाई खाली अंगणात पदर पुढे ओढून, आणि मधे पाटी. मी म्हटलं, आधी अ आ इ शिकवू. चाचा म्हणाले, काही नको, बाईला तीन अक्षरं पुरेत. सेवंता. पण ती तीन अक्षरं रोज अगदी सारखी आली पाहिजेत! आज 'से'ची मात्रा आडवी, उद्या 'ता'चा काना लांब, की चाचा कळवळून म्हणायचे, "हाई कालनी बाई नही!" ती बिचारी पिठात बोटानं सही करायची, राखेत करायची, शेणानं सारवलेल्या ओल्या भुईवर करायची. एकदा तिच्या घरावरून जाताना पाहिलं तर गोवऱ्यांवरसुद्धा सही! मी चाचांना म्हटलं, आता या गोवऱ्या दुसऱ्या कुणाला जाळता यायच्या नाहीत. चाचा त्या दिवशी किती तरी दिवसांनी हसले.

मुदत संपायला बारा दिवस उरले असताना ती बँकेत गेली. आम्ही दोघं दाराशी. चाचा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते. मला वाटलं स्पॅनिश असेल, ती दुवा होती. तिनं तीन ठिकाणी सही केली. कारकुनानं तिन्ही सह्या भिंगाखाली धरल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि म्हणाला, "आमच्या साहेबांच्याही इतक्या सारख्या येत नाहीत." चाचांनी पाठ फिरवून नाक शिंकरलं. पुढच्या महिन्यात तिच्या दारात दोन म्हशी आल्या. त्यांची बातमी लागताच दीरही आला, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "भाऊ, आते अंगठा भेटाव नही." एवढंच. तो पुन्हा आला नाही.

दुधाचा जम बसल्यावर एक दिवस ती चेकबुक घेऊन माझ्याकडे आली. "मास्तर, चाचाना नाववर लिखा. पाच रुप्या." मी लिहिलं, 'रुपये पाच फक्त', पुढे कडेपर्यंत रेघ. तिनं सही केली. मग टाक माझ्या हातून घेतला आणि डाव्या कोपऱ्यावर स्वतःच्या हातानं दोन रेघा ओढल्या. चेक पदराखाली धरून ती चाचांच्या ओट्याशी गेली, मी मागोमाग.

चाचांनी हात धुतले, चष्मा पुसला, चेक उजेडाला धरला. इंग्रजीत वाचला. मग स्पॅनिश सुरू केलं, "पागेसे आ ला ओर्देन दे..." आणि आपल्या नावाशी येऊन थांबले. पुढचं त्यांना वाचवेना. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "चाचा, पोरीनं रेघा ओढल्यात. आता रोख नाही मिळायचे, खात्यात भरा." चाचांनी चष्मा काढला. "मास्तर," म्हणाले, "मन्हं खातं कोठे शे?"

गावाला उभा जन्म चेक शिकवणाऱ्या या माणसाचं कुठंही खातं नव्हतं. कधी नव्हतंच. मी म्हटलं, उद्या उघडू, पाच रुपयांत उघडतं. तर त्यांनी चेक छातीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "कोब्रार करा का संपना. नही करा, तवलोंग मन्हाच शे."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या कपड्यांत तो चेक सापडला तेव्हा घड्यांवर विरला होता, पण तीन अक्षरं आणि दोन रेघा नीट होत्या. सेवंताबाई अजून दर महिन्याला बँकेत जाते, तिच्या दारात आता सहा म्हशी आहेत. कारकून मला सांगत होता, ही बाई काहीही झालं तरी खात्यात निदान पाच रुपये ठेवतेच, त्याला हातच लावत नाही. परवा मी तिला समजावून सांगितलं. म्हटलं, बाई, त्या चेकची मुदत केव्हाच संपली, आता तो कुणी आणला तरी बँक पैसे देणार नाही. ती म्हशीला चारा घालत होती. मागे न बघताच म्हणाली, "कागदनी मुदत सरनी व्हई, मास्तर. सही तं मन्ही शे ना?"