पोह्यातले दाणे

आमच्या कचेरीतले बडे बाबू टपरीवरचे पोहे आले की आधी त्यातला एकेक शेंगदाणा वेचून बशीच्या काठाला लावत. ओठावर फोड असला की रुमाल तोंडाशी धरून बोलत. "दाण्यात एक अमिनो ॲसिड असते, ते या फोडाले पोसते. दह्यातलं दुसरं त्याले उपाशी मारते. मासिकात वाचलं मी."

बालाघाटात असा फोड दिसला की लोक 'मकडी मूत गई', कोळी मुतून गेला, म्हणून हसतात. बाबू हसत नसत. फोड असेपर्यंत सून, बाळाला लागण होईल म्हणून, नातवाला त्यांच्या मांडीवर देत नसे. दाणे सोडूनही फोड यायचाच. मग तिळातही तेच ॲसिड असतं म्हणून त्यांनी संक्रांतीचा तिळगूळही सोडला.

परवा ते कचेरीच्या पायरीवर उन्हात बसून भाजलेल्या शेंगा फोडत होते.

"बाबूजी, आज दाणे काहून?"

"पोराची बदली झाली ना ग्वाल्हेरले. काल गेले सारे." त्यांनी मूठ पुढे केली. "घे. आता कोणासाठी सोडू?"

मी दाणे घेतले. त्यांच्या ओठावर त्या दिवशी काहीच नव्हतं.