पुणं बंद पाडणारे सर

दर दोन ओळींनी आमचे सर करंगळी ताणून कंट्रोल-एस दाबायचे आणि म्हणायचे, "सेव्ह केलं, आता बिनघोर." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हात सवयीने पुढे जातो, डोकं मागून येतं. कधी कधी येतच नाही.

जिंतूरच्या जिनिंगमध्ये ते संगणक विभागाचे प्रमुख. विभागात ते आणि मी. कापसाच्या गाड्यांची टोकनं पुण्यातल्या सर्व्हरवर असत, आम्ही ती इथून एका काळ्या पडद्यावर चालवत असू. त्या पडद्यावर कंट्रोल-एसने काही सेव्ह होत नाही, पडदाच गोठतो. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतो. हे मी कितीदा तरी सांगितलं. "तुमी अजून नवे हाव," एवढंच उत्तर. पडदा गोठला की ते फाटकाकडे तोंड करून जाहीर करायचे, "पुणं बंद पडलंय!" मग टेबलावर एक थाप. मी गुपचूप क्यू दाबायचो. श्रेय थापेला जायचं.

एकदा ऐन हंगामात मी जेवायला गेलो होतो. फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत गाड्या. सरांची करंगळी कंट्रोल-एसकडे गेली, पडदा गोठला. थापा मारून झाल्या. मग प्रोग्राममधून बाहेर पडायचं म्हणून त्यांनी मेनूतलं शेवटचं नऊ दाबलं, आणि काहीच हलेना म्हणून अंदाजाने वाय, म्हणजे 'होय'. मी आलो तेव्हा ते पुण्याच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीवर फोनवर ओरडत होते.

"सर, कंट्रोल-क्यू दाबा," स्पीकरवर आवाज आला.

"मला शिकवू नका बाई! आधी तुमचं मशीन बघा."

मी हात लांबवून क्यू दाबलं. अडलेलं सगळं भराभर उमटलं. 'आजचं काम बंद करायचं?' पुढे सरांचा वाय. त्याखाली, 'उरलेली टोकनं रद्द.'

"फक्त पडदा थांबला होता, सर," ती म्हणाली. "तुम्ही दाबलेलं इकडे पोचत होतं. आता टोकनं उद्या नव्याने द्यावी लागतील."

वालूरहून पहाटेच निघालेला एक म्हातारा दाराशी आला. "साहेब, माझाच नंबर व्हता की आता."

सर उठले. सगळ्या गाडीवाल्यांना चहा सांगितला आणि स्वतः पेले वाटत फिरले. "चूक पुण्याची हाय, पन चहा आमचा," असं प्रत्येकाला सांगत. दुसऱ्या सकाळी मात्र फाटक उघडण्याआधी हजर राहून, मुकादमाशी भांडून त्यांनी कालच्याच गाड्या आधी आत घेतल्या. एवढं त्यांचं मान्य करायला हवं.

पुढे त्यांना बढती मिळाली. मिळणारच. नव्या लोकांना शिकवायला ते पुण्याला गेले.

या हंगामात वालूरचा तो म्हातारा विचारत होता, "ते चहावाले साहेब दिसंनात?"

"पुण्याला गेले."

"बरं झालं," तो मनापासून म्हणाला. "तिथलं मशीन लय बिघडायलंय म्हनं. आता नीट व्हईल."