आमच्या बॉक्सरूममधला बॅट्समन

तो ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघात कधी आला नाही, त्यामुळे त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तरी आमच्या घरात ‘आपला बॅट्समन’ म्हटलं की आजही दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही. क्रिकेटवर लिहायचा मला तसा काही अधिकार नाही. मी बॅट कधी हातात धरलेली नाही. पण एका उन्हाळ्यात तो आमच्याकडे राहिला आणि बाबांनी त्याच्यासाठी जे केलं ते मी पाहिलं. तेवढंच लिहिते.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही लंडनला, विमानतळाजवळच्या हाउन्सलोत राहायचो. बाबा विमानतळावर सामान चढवायचे, आई विमानातल्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या किचनमध्ये होती. शनिवारी बाबा जवळच्या क्लबच्या तिसऱ्या टीममधून लेगस्पिन टाकायचे. त्या क्लबने उन्हाळ्यापुरता ऑस्ट्रेलियातून एक बॅट्समन आणला. त्याला राहायला जागा हवी होती, आणि सेक्रेटरीने विचारल्यावर बाबा घरी न विचारताच हो म्हणून आले. आई दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच बॉक्सरूम, म्हणजे अडगळ ठेवायची छोटी खोली, रिकामी केली, आणि परक्या माणसाला तिखट चालणार नाही म्हणून पहिले दोन आठवडे त्याला उकडलेल्या भाज्या आणि टोस्ट वाढला. शेवटी त्याने आमच्या ताटांकडे बोट दाखवून विचारलं, “माझं काही चुकलंय का?”

तेवीस वर्षांचा होता. गहू पिकवणाऱ्या एका लहान गावातला. तिथे सिमेंटच्या पिचवर चटई अंथरून खेळायचे आणि जो तो वेगात बॉलिंग करायचा; स्पिन टाकणारा गावात एकही नव्हता. फास्ट बॉलिंग तो सहज मारायचा. त्या जोरावर राज्याच्या संघात पोचला, चार मॅच खेळला, आणि चारही वेळा त्याला लेगस्पिनरनेच काढलं. मग संघातून वगळलं. या उन्हाळ्यात स्पिन खेळायला जमलं नाही तर गावी जाऊन मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं त्याच्या घरी ठरलं होतं. हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं. पण सांगताना तो काट्याने ताटातला भात इकडून तिकडे सरकवत होता.

मे महिन्यात क्लबच्या मॅचमध्ये समोरच्या लेगस्पिनरने त्याला शून्यावर बोल्ड केलं. त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, “बॉल कुठे वळणार ते तुला कधी कळतं?”

“टप्पा पडल्यावर.”

“तोवर विकेटकीपर हसायला लागलेला असतो.” बाबांचं इंग्रजी विमानतळावर शिकलेलं, तोडकं. पण क्रिकेटचं बोलताना ते अडखळत नसत. “उद्या संध्याकाळी साडेपाचला नेटमध्ये ये. बॅट आणू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून तो नेटमध्ये पॅड बांधून, मोकळ्या हातांनी उभा राहायला लागला. लेगब्रेक एका बाजूला वळतो आणि गुगली उलट्या बाजूला. दोन्ही टाकायची पद्धत दिसते सारखीच, फरक असतो तो मनगटात. बॉल टप्पा पडण्याआधी त्याने कुठला ते ओरडून सांगायचं, एवढंच काम. मी शेजारी ए-लेव्हलचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास घेऊन बसायचे. पहिल्या आठवड्यात त्याची निम्मी उत्तरं चुकली.

क्लबचा कॅप्टन एकदा जाळीपाशी थांबला. “एवढ्या लांबून बॅट्समन मागवला, तो बॅट घरी विसरून आला काय?”

“बॅट आणलीये,” तो म्हणाला. “डोळे आणायचे राहिले.”

बाबांनी लक्षच दिलं नाही. पहाटेची शिफ्ट करून आलेले असायचे, तरी रोज तासभर टाकायचे. घरी आई त्यांचे गुडघे शेकायची. “अहो, हे गुडघे गेले तर बॅगा कोण चढवणार? तो?”

“चढवेल की. खांदे बघितलेस का त्याचे?”

सहा आठवड्यांनी बाबांनी त्याच्या हातात बॅट दिली. ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच लेगस्पिनरशी गाठ पडली. त्याला तो शांतपणे खेळला, पस्तीस केले आणि फास्ट बॉलरला आउट झाला. आम्हाला आनंद झाला, त्याला नाही. “तिकडचे स्पिनर याच्यापेक्षा फार चांगले आहेत,” म्हणाला. सप्टेंबरमध्ये तो गेला, तेव्हा त्याला खरंच काही जमलंय की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये मी युनिव्हर्सिटीत गेले. आमच्या घरातून जाणारी मी पहिलीच. बाबांनी सुटकेस हॉस्टेलच्या दारापर्यंत आणली, पण आत आले नाहीत. “आपण काय करणार आत,” म्हणाले. मीही आग्रह केला नाही. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर मी “एअरपोर्टवर असतात” एवढंच सांगायचे.

त्याच्या बातम्या मिळायचा आमचा मार्ग वेगळाच होता. विमानं साफ करणाऱ्या एक पंजाबी आंटी बाबांच्या ओळखीच्या होत्या. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या विमानात प्रवाशांनी टाकलेली वर्तमानपत्रं त्या बाबांसाठी बाजूला ठेवायच्या. दर रविवारी घरी फोन केला की मी बाबांना आधी विचारायचे, “आलं नाव?”

“नाही आलं.”

नोव्हेंबर असाच गेला. डिसेंबरात एका बुधवारी दुपारी मी कॅन्टीनमध्ये होते, आणि दारात बाबा उभे. कामावरचं जॅकेट, काखेत वर्तमानपत्र. मला वाटलं घरी काहीतरी झालं. ते थेट आमच्या टेबलापाशी आले, माझ्या मैत्रिणीचा ट्रे सरकवला आणि पेपर पसरला. अगदी बारीक छापलेला धावफलक होता.

“एकशे बारा,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट बॉलरच्या रांगेत खाली सरकलं. “हा बघ. ह्याच लेगस्पिनरने त्याला दोनदा काढला होता. दिवसभर टाकलंय बिचाऱ्याने. विकेट शून्य.” पुन्हा वर. “आणि आपला कसा आउट? रन आउट. म्हणजे कुणालाच तो आउट करता आला नाही!”

पुढे तो राज्याकडून सात मोसम खेळला, गुडघ्याने दगा दिला तेव्हाच थांबला. टायरच्या दुकानात बसायची वेळ आली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी टेबलावरचे सगळे बाबांकडे बघत होते, आणि एका मुलाने मला विचारलं, “हे कोण?”

“माझे बाबा,” मी म्हणाले. “विमानतळावर सामान चढवतात. या बॅट्समनला स्पिन खेळायला त्यांनी शिकवलं.”

माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरचेही वळले. बाबांनी माझ्या ट्रेमधलं सफरचंद उचललं आणि त्यावर बोटं कशी ठेवायची ते दाखवायला लागले. कुणीतरी म्हणालं, “पण कुठला बॉल येतोय ते समोरच्याला ओळखू कसं येणार?”

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना शिफ्ट होती. मग त्यांनी जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं आणि त्या मुलाला म्हणाले, “तिकडे भिंतीपाशी उभा राहा.”