मामाचा नोंदणी क्रमांक

लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि अंतरपाटाशी नवरदेवाच्या मागे मामा उभा राहील की नाही, हेच प्रतिभाताईंना कळेना. दोष सगळा नवरदेवाचा, म्हणजे त्यांच्या महेशचा.

महेश नाशिकच्या एका रुग्णालयाच्या कार्यालयात कारकून. मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांना हात लावण्याआधी त्याने पाण्याच्या बाटलीचं सील तपासलं होतं. तरी मुलीने होकार दिला, ही देवाची कृपा.

चार दिवसांपूर्वी महामार्गावर बस उलटली. जखमींची रीघ लागली, गावोगावचे डॉक्टर आपणहून मदतीला धावले. फाटकाशी टेबल टाकून महेश बसला. ओळखपत्र पाहायचं, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक संगणकावर ताडायचा, मगच पिवळी पट्टी देऊन आत सोडायचं. लासलगावात तीस वर्षं दवाखाना चालवणारे गोरक्षदादा, प्रतिभाताईंचे थोरले भाऊ, बॅग घेऊन त्याच रांगेत आले.

"अरे, मी तुझा मामा."

"हो मामा. क्रमांक सांगा."

क्रमांक सापडला, पण नूतनीकरण दोन वर्षं राहिलेलं.

"वॉर्डात सोडता येणार नाही, मामा. नातेवाइकांना धीर द्यायला माणूस हवाय, तिकडे थांबता?"

"जन्मल्यावर तुला पहिलं रडवलं ते मी. तेव्हा नाही कागद मागितलास."

"तेव्हा वैध होता, मामा."

दादा आल्या पावली परत गेले. तेव्हापासून फोन नाही.

"एकदा सॉरी म्हणायला तुझं काय जातं रे?" प्रतिभाताईंनी आज जेवताना विचारलं.

"उन्हात उभं ठेवलं म्हणून म्हणतो. क्रमांक विचारला म्हणून नाही." महेश भाकरी मोडत म्हणाला. "त्याच रांगेत गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून एक जण आला होता. औषधं विकणारा निघाला. त्यालाही कुणाचा तरी मामा म्हणून सोडायचं का?"

प्रतिभाताईंनी त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली.

"आणि मामांचा नूतनीकरणाचा फॉर्म मी भरून ठेवलाय," तो म्हणाला. "फक्त फोटो, सही आणि त्यांची प्रमाणपत्रं हवीत."

भांडी आवरून त्यांनी फोन हातात घेतला. वहिनीला मध्ये घालून दादाला मनवायचं, असं सकाळपासून घोकलं होतं. आता ते पटेना. दादा आधी आवाज चढवेल, मग दम खायला थांबेल. तेवढ्यात सांगायचं: महेशचं बरोबर होतं, फोटो पाठव, आणि हळदीला आदल्या दिवशीच ये.

वहिनीचं नाव मागे टाकून त्यांनी दादाचंच शोधलं.