रुळाला भिडवलेला डोळा

परवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या डाखाचा जळका वास आला आणि चिकलठाण्यातली आमची पत्र्याची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. दुष्काळाची वर्षं ती. कॉलनी रोज वाढत होती, टँकर मात्र चार दिवसांनी यायचा. माझे सासरे रेल्वेतले रिटायर गँगमन. त्या दिवशी ते प्लायवूडवर खेळण्यातल्या छोट्या आगगाडीसाठी रूळ टाकत होते. डाख लावून जोडलेले दोन लवचीक रूळ मी वळणावर वाकवून धरले होते, खिळे ठोकायचे बाकी होते. "सोडू नको पोरी, लई ताण हाय त्याला," म्हणत त्यांनी डोळा रुळाला भिडवला, गँगमन वळण तपासतात तसा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, सगळी भिस्त डाव्यावर. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि माझे हात आपसूक घागरीकडं गेले. रूळ सपकन सरळ झाला. मामंजी डावा डोळा दाबून खाली बसले. बोटांमधून रक्त यायला लागलं. "आधी पाणी भर, जा!" ते ओरडले. रांगेत मी सारखी मागं वळून घराकडं बघत होते, जाऊन काय बघावं लागेल या भीतीनं. परतले तेव्हा ते गालाला फडकं लावून भिंतीला टेकले होते. दिसतंय का, हे मी विचारणारच होते. तेच खेकसले, "अगं, सांडतंय की! कमरेवरची घागर तिरपी झालीय." मी उंबऱ्यातच रडले. आता घरात नळ आहे. तरी कुठं टँकरचा हॉर्न वाजला, की माझ्या मुठी आपोआप घट्ट आवळल्या जातात.